झुरिकचं फुकट पाणी

ऊद मेथा, दुबई
शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

प्रभावन्सं यांना,
नमस्कार.

तुमचा नंबर मी ब्लॉक केला आहे आणि तो तसाच राहणार आहे. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकोणीस माणसांसमोर 'काही बायका नवऱ्याला युरोपात नेऊन उपाशी मारतात' असं लिहिणाऱ्या व्यक्तीशी मला फोनवर बोलायचं नाही. ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्यांनी आपला फोन बंद करून ठेवला आहे. म्हणून हे पत्र. लियाकत बुधवारी आणि शनिवारी मासळी घेऊन दुबईत येतो. परत जाताना तो हे तुम्हाला देईल.

आम्ही सात तारखेला झुरिकहून परतलो. विमानतळाच्या दारात हे म्हणाले, "दोन दिवस ताईकडे जाऊन येतो," आणि हातातल्या बॅगेसह लियाकतच्या व्हॅनमध्ये जाऊन बसले. मोठ्या दोन बॅगा मी एकटीने टॅक्सीत चढवल्या. तुमच्या खोर फक्कानची व्हॅन नेमक्या त्याच वेळी विमानतळावर कशी उगवली, हे मी विचारत नाही. दोन दिवसांचे आज अकरा झाले.

ते तुमचे धाकटे भाऊ आहेत हे मान्य. पण गेली तेहतीस वर्षं ते माझे नवरे आहेत, आणि त्यांतली बत्तीस आम्ही याच शहरात काढली आहेत. ऑगस्टमध्ये ते घड्याळांच्या शोरूममधून निवृत्त झाले. तीस नोव्हेंबरला या फ्लॅटच्या किल्ल्या द्यायच्या आहेत आणि त्याच संध्याकाळी पुण्याचं विमान आहे. तिथून सांगली, कायमचं. मी तिकिटं दोन काढली आहेत. सामान बांधायला घेतलं आहे. त्यांची हत्यारं, भिंगं आणि स्प्रिंगांच्या डब्या मी बांधणार नाही. ते काम त्यांचं.

बुधवारी पाडवा आहे. तोपर्यंत त्यांना पाठवून द्यावं. सोबत त्यांच्या साखरेच्या गोळ्या आहेत आणि त्यांच्या नावाचं एक बंद पाकीट आहे. ते त्यांच्या हातात द्यावं.

तुम्ही पाठवलेला सुरमईचा डबा मिळाला. सुरमई मी शेजारी दिली. डबा धुऊन परत पाठवते आहे. आत या पत्राशिवाय काही नाही. आलेला डबा रिकामा परत करू नये, ही रीत मला ठाऊक आहे. मुद्दाम करते आहे.

सुलक्षणा

*

खोर फक्कान
बुधवार, २२ ऑक्टोबर

सुलक्षणा,
आशीर्वाद. रीत आहे म्हणून.

पत्र वाचलं. कॉलेजात शिकलेल्या बाईचं आहे हे लगेच कळतं. चंदू माझा भाऊ आहे, विमानतळावर राहिलेली बॅग नव्हे, की चिठ्ठी दाखवून सोडवून न्यावी.

तो आला तेव्हा त्याचे गाल आत गेले होते. ओठ फुटले होते. दोन दिवस नुसता झोपला. काय झालं विचारलं तर म्हणाला, "काही नाही ताई, चालणं जास्त झालं." तिसऱ्या दिवशी उठला आणि माझ्या स्वयंपाकघरातलं चार वर्षं बंद पडलेलं घड्याळ काढून बसला. आता ते चालतंय. माझ्या खाणावळीत जेवायला बंदरातली बावीस माणसं येतात, सगळी आपली, कोकणातली नाहीतर देशावरची. त्या सगळ्यांची घड्याळं चंदूपुढे रांगेने पडलेली असतात. महादू म्हणून एक आहे, कंटेनर बांधायच्या कामावर. तो म्हणाला, "काका, तुमच्या बोटांत देव आहे." तुझ्या घरात तेहतीस वर्षांत असं कुणी म्हणालं का त्याला?

आज पाडवा. तो तुझ्याकडे आला नाही, हे तुला दिसलंच असेल. मी अडवलं नाही. उद्या भाऊबीज. इतकी वर्षं तो भाऊबीजेला यायचा आणि पाटावर बसून घड्याळ बघायचा, कारण तू लेकीला, समिधाला घेऊन खाली गाडीत बसलेली असायचीस आणि सातला निघायचं ठरलेलं असायचं. उद्या तो सावकाश जेवेल.

गोळ्या मिळाल्या. त्याने काही निरोप दिलेला नाही.

डबा रिकामा आला. माझी आई, म्हणजे तुझी सासू, आज असती तर तुला काय म्हणाली असती ते लिहीत नाही. मीही रिकामाच परत करते आहे. हा माझा डबा, पण माझ्याकडे राहायला नको. तुझ्याकडेच असू दे, बघून आठवण राहील.

प्रभावती

*

ऊद मेथा
शनिवार, २५ ऑक्टोबर

प्रभावन्सं,

डबा पुन्हा पाठवते आहे. दुसऱ्याची वस्तू मी घरात ठेवत नाही. लियाकत मला म्हणाला, "भाभीजी, खाली डब्बा दुबई घूमने आता है क्या?" मी त्याला यल्ला, चल निघ, म्हटलं.

पाडवा झाला. पाकिटाचं उत्तर आलं नाही. त्यावरून मी काय समजायचं ते समजले. समिधा जुमेरा लेक टॉवर्सहून येऊन गेली. ती मला म्हणते, "ममा, गिव्ह हिम स्पेस." एका बेडरूमच्या घरात आम्ही तिला वाढवलं. तेव्हा कुणाला स्पेस लागली नाही.

आता 'उपाशी मारलं' त्याविषयी, एकदाच.

झुरिक हे जगातल्या सगळ्यांत महागड्या शहरांपैकी एक आहे. तुमच्या भावाला तिथेच जायचं होतं, कारण बत्तीस वर्षं ते जी घड्याळं उघडत होते ती त्या देशातून येतात. शोरूमने त्यांना निरोपाला काय दिलं ठाऊक आहे? भिंतीवरचं घड्याळ. हे दोन दिवस हसत होते. मी म्हटलं, ठीक आहे, जाऊ झुरिकला, पण माझ्या हिशोबाने. स्टेशनपासून सहा थांबे लांब खोली घेतली. तीस थेपले, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले पोहे, सगळं इथून नेलं. दिवसाचा एक पास घेतला की त्यात ट्राम, नदीतली छोटी बोट, डोंगरावरची आगगाडी, सगळं बसतं. पाच दिवसांत आम्ही ट्रामचे चार मार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले, तळ्याकाठी दोन्ही बाजूंनी चाललो, विद्यापीठाच्या गच्चीवरून सगळं शहर पाहिलं. ज्या चर्चला तिकीट होतं ते बाहेरून पाहिलं. बाहेरूनच चांगलं दिसतं. आमच्या बाजूच्या बाकावर बसून लोक एकेका सँडविचवर हजार-हजार रुपये घालवत होते आणि आम्ही थेपला-चटणी खात होतो. मला त्याची लाज नाही. अभिमान आहे.

सेंट पीटर म्हणून एक चर्च आहे. त्याच्या मनोऱ्यावर युरोपातली सगळ्यांत मोठी म्हणतात ती घड्याळाची तबकडी आहे. ती यांना पाहायची होती. मी वहीत रविवारी दहा चाळीस ते दहा पन्नास लिहिलं होतं. तबकडी पाहायला दहा मिनिटं पुष्कळ झाली. पाहिली.

त्याच दिवशी त्यांना जरा चक्कर आली. एकसष्टाव्या वर्षी येते. डॉक्टरला दाखवलं. विषय संपला.

तीस तारीख बदलणार नाही.

सुलक्षणा

*

खोर फक्कान
बुधवार, २९ ऑक्टोबर

सुलक्षणा,

आज आशीर्वाद लिहीत नाही.

चंदूचा करडा शर्ट धुवायला घेतला. खिशात घडी केलेला कागद निघाला. वर हॉस्पिटलचं नाव, खाली सगळं त्यांच्या भाषेत. माझ्या शेजारी सुमैय्या राहते, इथल्या दवाखान्यात नर्स आहे. तिने फोन धरून वाचला. मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "प्रभा आंटी, अंकल को पानी क्यों नहीं मिला?"

जरा चक्कर आली, लिहिलंस ना? कागदावर लिहिलंय की शरीरात पाणी उरलं नव्हतं, साखर चढली होती, चार तास सलाईन लावून ठेवलं होतं. थेपले तीस मोजून नेलेस, शाबास. पाणी मोजलंस का?

आपल्यात दारात आलेल्या वैऱ्यालाही आधी पाणी विचारतात. तू नवऱ्याला विचारलं नाहीस. वाळवंटात बत्तीस वर्षं जगलेला माझा भाऊ, नदी आणि तळं असलेल्या गावात तहानेने पडला. हे मी कुणाला सांगू? सांगितलं तर कुणी विश्वास ठेवेल?

मी त्याला कागद दाखवला. तो म्हणाला, "ताई, तो ठेवून दे." तुला वाचवतोय अजून.

काय झालं ते लिही. खोटं लिहिलंस तर मला कळेल.

प्रभावती

*

ऊद मेथा
शनिवार, १ नोव्हेंबर

प्रभावन्सं,

लिहिते. तुमच्या धमकीमुळे नाही. अर्धी गोष्ट तुमच्या तोंडात राहिली तर तिची तुम्ही दीड कराल, म्हणून.

इथे आपण नळाचं पाणी पीत नाही. गच्चीवरच्या टाकीत ते दिवसभर तापतं, त्याने भांडी घासायची, प्यायला कॅन. बत्तीस वर्षांची ही सवय. तुमच्याही घरी कॅनच आहेत. झुरिकच्या खोलीत बेसिनचा नळ होता. मी यांना सांगितलं, तोंड धुवा, पिऊ नका. इथून किटली नेली होती, पाणी उकळायला. तिथल्या भिंतीतल्या भोकांत आमचा ॲडॉप्टर बसला नाही. तेव्हा खोलीजवळच्या दुकानातून रोज दोन मोठ्या बाटल्या आणायच्या, असं ठरलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार नीट गेले.

त्या शहरात दर चौकात दगडी हौद असतात आणि त्यांत नळातून पाणी पडत राहतं, अखंड. शुक्रवारी यांनी एका हौदाखाली ओंजळ धरली. मी त्यांचा हात खाली ओढला. "गुरं पितात तसं काय पिताय?" असं म्हणाले. दोन माणसं वळून बघत होती. ती आमचं भांडण बघत होती की आणखी काही, तेव्हा मला कळलं नाही.

रविवारी सकाळी दुकान बंद. रविवारी तिथे सगळंच बंद असतं. दुबईत रात्री बाराला कोथिंबीर मिळते, त्यामुळे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ही चूक माझी. आमच्याकडे अर्धी बाटली उरली होती. स्टेशनवर एक दुकान उघडं होतं. तिथे एवढीशी बाटली साडेचार फ्रँकला. म्हणजे एकवीस दिरहम. म्हणजे पाचशे रुपये, पाण्याला. मी म्हटलं, दुपारपर्यंत निभेल, मग बघू.

दहा चाळीसला आम्ही त्या घड्याळाखाली पोचलो. दहा पन्नासला मी वही मिटली. हे म्हणाले, "सुलक्षणा, बारापर्यंत थांबू या. बाराचे ठोके ऐकायचेत." मी म्हटलं, पुढे पूल आहे, पलीकडचं चर्च आहे, टेकडी आहे, इथे तास घालवला तर दिवस कोलमडेल. निघालो. पूल झाला, चर्च झालं. परत येऊन लिंडेनहोफ नावाच्या टेकडीवर चढलो. वर झाडं आहेत, बाकं आहेत, मध्ये एक हौद आहे. शेवटच्या पायरीवर यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली बसले. मग आडवे झाले.

एक बाई धावत आली. पन्नाशीची असेल, बरोबर कुत्रं होतं. तिने माझ्या हातातली रिकामी बाटली घेतली, हौदाच्या नळाखाली भरली आणि यांच्या तोंडाला लावायला गेली.

मी तिचा हात धरला. "नो," म्हणाले. "नो, नो, बॉटल वॉटर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग इंग्रजीत सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "मॅडम, हेच पाणी बाटलीत भरतात." आणि माझा हात बाजूला करून तिने यांना पाजलं. तेव्हा खालच्या मनोऱ्यावर बाराचे ठोके पडायला लागले. यांनी डोळे मिटलेले होते, पण ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत. ते ठोके मोजत होते.

मग ॲम्ब्युलन्स, मग तुमचा तो कागद.

शहरात हजाराच्या वर असे हौद आहेत आणि सगळ्यांचं पाणी पिण्याचं आहे. जगातल्या महागड्या शहरात तेवढीच एक गोष्ट फुकट होती. ती मी त्यांना घेऊ दिली नाही.

झालं. आता ग्रुपवर टाका.

सुलक्षणा

*

खोर फक्कान
शनिवार, ८ नोव्हेंबर

सुलक्षणा,

ग्रुपवर टाकलं नाही. टाकण्यासारखं राहिलं नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बुधवारी उत्तर द्यायला हात उचलला नाही. खरं लिहिलंस, तेवढं मान्य. पण खरं बोलली म्हणून सुटली, असं होत नाही. पडलेल्या माणसाच्या तोंडचं पाणी अडवलंस. अनोळखी बाईने पाजलं, तू अडवलंस.

चंदू सांगलीला येणार नाही. मी त्याला विचारलेलं नाही, विचारायची गरज नाही. इथे तो सकाळी समुद्रावर जातो, दुपारी पोरांची घड्याळं बघतो, रात्री भाकरी खाऊन झोपतो. त्याला खोली आहे. व्हिजाचं माझे हे बघतायत, रणजितरावांची इथे ओळख आहे. एक तिकीट रद्द कर. हत्यारं लियाकतकडे दे.

दोन-तीन दिवस जरा गप्प गप्प आहे. माझ्यावरही एकदा चिडला. ऊन लागलं असेल, मशिदीपाशी जाऊन बसतो भर दुपारी. वळण लागेल हळूहळू, मी आहे.

प्रभावती

*

खोर फक्कान
मंगळवार, ११ नोव्हेंबर

सुलक्षणा,

हे पत्र मी ताईच्या डब्यात घालत नाही. लियाकतच्या हातात देतो आहे.

पाच आठवडे झाले. तू एक ओळही पाठवली नाहीस. मी रागावलो असं नाही, पण पाडव्याच्या दिवशी मी सकाळपासून कपडे करून बसलो होतो. लियाकत ताईचा डबा घेऊन दुबईला निघाला, तरी तुझ्याकडून माझ्यासाठी काही आलेलं नव्हतं. तू बोलावशील असं वाटलं होतं. न बोलावता यायचं म्हणजे पुन्हा वहीत जाऊन बसायचं.

तुला एक सांगायचं आहे. ताईच्या घरासमोर मशीद आहे. तिच्या भिंतीला पाण्याचा कूलर आहे, तीन नळांचा, साखळीला बांधलेला स्टीलचा पेला. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी कुणीतरी पुण्य म्हणून लावलेला. असे या देशात गल्लोगल्ली आहेत. दुपारची बांग होते तेव्हा बंदरातली माणसं तिथे पाणी पितात. गेल्या आठवड्यात मी महादूबरोबर समुद्रावरून येत होतो. तहान लागली. रांगेत उभा राहिलो, पेला भरला. पाणी इतकं थंड होतं की दात शिवशिवले.

ताई खाली उतरली. बावीस माणसं बघत असताना तिने पेला माझ्या हातातून काढून घेतला. "घरात कॅन भरलेत आणि तू मजुरांच्या रांगेत? लोक म्हणतील प्रभावती भावाला पाणी देत नाही."

तुला हात आठवतो का तुझा, शुक्रवारचा? तोच हात होता. मी ताईला म्हटलं, "तुम्ही दोघी एकच आहात." तुझ्याकडून निघून मी कुठेच आलेलो नाही, एवढं मला त्या दिवशी कळलं.

सांगलीला काय होणार याची मला झुरिकमध्ये भीती वाटली. शोरूममध्ये दहा तास माझे होते. टेबल, दिवा, भिंग, कुणी विचारायचं नाही. आता चोवीस तास वहीत असणार. झुरिकचे पाच दिवस म्हणजे पुढच्या वीस वर्षांची रंगीत तालीम, असं मला वाटत होतं, आणि मी तिसऱ्या दिवशीच थकलो.

येणार की नाही, मला माहीत नाही. तू एकाच गोष्टीचं उत्तर दे. मी शुक्रवारी पाणी पीत होतो तेव्हा ओढलंस, ते समजू शकतो. पण टेकडीवर मी पडलेलो होतो. ती बाई पाजत होती. तेव्हा सुद्धा तू 'नो' का म्हणालीस?

चंद्रहास

*

ऊद मेथा
शनिवार, १५ नोव्हेंबर

श्री. चंद्रहास यांस,

लियाकतला बजावलं आहे की हे पत्र तुमच्याच हातात द्यायचं. तो म्हणाला, "खलास भाभीजी, समझ गया."

आधी एक. अठरा ऑक्टोबरला गोळ्यांबरोबर तुमच्या नावाचं बंद पाकीट पाठवलं होतं. त्यात एकच वाक्य होतं: 'पाडव्याला या.' ते कुठे गेलं, ते ताईंना विचारा.

आता तुमचा प्रश्न.

त्र्याण्णव सालचा आपला इथला पहिला उन्हाळा. तुम्ही बसने यायचात. करामाच्या मशिदीपाशी कूलरवर पाणी प्यायचात. गणपतीला तुमच्या मॅनेजरच्या बायकोने पंचवीस बायकांत मला विचारलं, "तुमचे मिस्टर काल मजुरांबरोबर पाणी पीत होते, घरी फ्रीज नाही का अजून?" फ्रीज नव्हताच. मी हसले. दुसऱ्या दिवशी तुमच्या खांद्याला बाटली अडकवली, ती परवापर्यंत तुमच्या खांद्यावर होती. तुम्हाला वाटायचं मी तुमच्या तब्येतीला जपते. मी त्या बाईला उत्तर देत होते, बत्तीस वर्षं.

फुकटचं पाणी घेतलं तर आपण कोण ठरू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुम्ही पडलात तेव्हाही हात आपोआप गेला. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही. असतं तर दिलं असतं.

आणखी एक, जे मी ताईंना लिहिलं नाही. सोमवारी तुम्ही खोलीत झोपला होतात आणि मी ब्रेड आणायला गेले असं सांगितलं. मी ब्रेड आणायला गेले नव्हते. ट्रामने लिंडेनहोफला गेले. त्या हौदापाशी उभी राहिले आणि ओंजळीने पाणी प्याले. तीन ओंजळी. गोड होतं. कुणीही माझ्याकडे बघितलं नाही. हे मी त्याच दुपारी तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर आदल्या दिवसाचं सगळं माझ्यावर आलं असतं, म्हणून तोंड मिटून बसले, आणि तुम्ही माझ्या गप्प बसण्याचा अर्थ वेगळा लावलात.

शनिवारी बावीस तारखेला मी लियाकतच्या व्हॅनमधून येते आहे. दुपारची बांग होईल तेव्हा त्या कूलरपाशी असेन. घरात चढणार नाही. तुम्हाला यायचं असेल तर खाली या. नसेल तर हत्यारांची पेटी महादूजवळ देऊन परत फिरेन. ती मी बांधली आहे. एकही स्प्रिंग हरवलेली नाही.

परतीची वेळ मी ठरवलेली नाही.

सुलक्षणा

*

खोर फक्कान
शनिवार, २२ नोव्हेंबर

सुलक्षणा,

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. सगळं बघितलं.

बांग झाली. तू व्हॅनमधून उतरलीस, ती फिकट हिरवी साडी, हातात पेटी. रांगेत सात माणसं होती. तू आठवी उभी राहिलीस. महादूने तुला पुढे जायला सांगितलं, तू मान हलवलीस आणि उभी राहिलीस. मला वाटलं, आता ही पेला पुसेल, पदराने तरी पुसेल. पुसला नाहीस. भरलास आणि प्यालीस, उभ्याने, मान मागे टाकून. पुन्हा भरलास. तोपर्यंत चंदू माझ्या जिन्यावरून खाली उतरला होता. त्याने पेला तुझ्या हातातून घेतला आणि तुझं उरलेलं पाणी प्याला. उष्टं. भर रस्त्यात, या वयात.

मग तुम्ही त्या भिंतीच्या सावलीत बसलात. दीड तास बसलात. काय बोललात ते ऐकू आलं नाही. तुझ्या हातात वही नव्हती. मी दोनदा बघितलं.

मी खाली आले नाही. तूही वर आली नाहीस. माझ्या दारापर्यंत येऊन पायरी चढली नाहीस, हे मी विसरणार नाही.

पाकीट पिठाच्या डब्यात होतं. फोडलं नाही, उघडलं नाही, देवाशपथ. भाऊबीजेपर्यंत ठेवायचं म्हटलं. एकदा तरी तो घड्याळ न बघता जेवला पाहिजे होता. भाऊबीज झाली, मग द्यायला तोंड राहिलं नाही. चंदूने रविवारी विचारलं, तेव्हा दिलं. त्याने उघडून वाचलं आणि खिशात घातलं. मला एक शब्द बोलला नाही. जाताना पाया पडला. बोलला असता तर बरं झालं असतं.

तो पेला मी त्याच्या हातातून घेतला होता, हे त्याने तुला लिहिलंय म्हणे. लिहू दे. मी काही झुरिकला गेले नव्हते, मला कुणी तिथे नेलंही नाही, पण लोक काय म्हणतील हे मलाही कळतं. आज संध्याकाळी, सगळे जेवून गेल्यावर, मी खाली जाऊन त्या कूलरचं पाणी पिऊन आले. थंड आहे. बाकी काही विशेष नाही.

तुम्ही दोघं न जेवता गेलात. सकाळपासून मी दोघांपुरती तिसऱ्यांची, शिंपल्यांची आमटी ठेवली होती, ती रणजितरावांनी खाल्ली. हे पत्र बुधवारी लियाकत आणेल. त्याच्याबरोबर डबा आहे. एका पुडात सोलकढी, दुसऱ्यात तळलेली सुरमई, तिसऱ्यात तांदळाच्या भाकऱ्या. सुरमई शेजारी देऊ नकोस.

तीस तारखेच्या आत डबा परत कर. कसा करायचा ते तुला ठाऊक आहे.

प्रभावती